निळ्या खडूची खूण

लोकरीच्या गिरणीतल्या निवड खात्यात भोंगा झाला म्हणून कोणी घरी जात नसे. भोंगा झाला की बावीस बायका टेबलांवरून हात काढायच्या, तोंडावरची फडकी सोडायच्या आणि दोघी दोघी मिळून एकमेकींच्या मागे उभ्या राहायच्या. डोक्याचा रुमाल वर करायचा, अंबाडा बाजूला सारायचा, मान बघायची, कानांमागे बघायचं, मग कोपरापर्यंत हात. काही नसलं तर जोडीदारणीच्या अ‍ॅप्रनवर, पाठीच्या मधोमध, निळ्या खडूने बरोबरची खूण. काही दिसलं तर फुली. फुलीवालीने घरी जायचं नाही. बोळाच्या टोकाला गिरणीचा दवाखाना होता, त्याच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचं आणि आत बोलावतील तेव्हा जायचं.

हे सगळं काळपुळीसाठी. लांबलांबच्या मेंढ्यांची लोकर गठ्ठे बांधून यायची. एखादी मेंढी त्या आजाराने मेलेली असली तर आजाराचं बीज तिच्या लोकरीत झोपून यायचं आणि कुठे खरचटलेलं असलं की तिथून अंगात शिरायचं. आधी डास चावल्यासारखा फोड, मग त्यात पाणी, मग मधोमध कोळशाच्या खड्यासारखा काळा डाग. माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. वेळेवर औषध मिळालं तर बहुतेक वाचतात. पण त्या पुळीचा खोटेपणा असा, की ती दुखत नाही. दुखली असती तर बाई स्वतःच ओरडत दवाखान्यात गेली असती. आणि स्वतःची मान काही कोणाला दिसत नाही, म्हणून जोडी.

मास्तरीण या खात्यात अठरा वर्षं होती. ती काही शिकवत नसे, पण कोणी काही बोललं की "कशावरून?" असं विचारायची खोड होती, म्हणून ते नाव पडलं. तिची जोडीदारीण गारूबाई. हिचे हात बारा महिने गार. मानेला बोटं लागली की मास्तरीण दचकायची, आणि सगळं खातं हसायचं. गारूबाई डावखुरी होती, त्यामुळे तिची खूणही उलटी पडायची, लांब शेपूट डावीकडे. "आयुष्यात माझं एवढंच बरोबर आलं, तेही उलटं," असं ती म्हणायची.

गारूबाईला जाऊन दोन आठवडे झाले होते.

सोमवारी तिने मान खाजवली आणि डास चावला म्हणाली. गुरुवारी गळा सुजला, शुक्रवारी ती आली नाही, रविवारी गेली. पुळी नेमकी अंबाड्याखाली होती. मग साहेबलोक आले, माहितीचे कागद वाटले गेले, टेबलांच्या जाळ्या धुतल्या गेल्या, खालची धूळ ओढणारे पंखे दुरुस्त झाले. लाल दोरीचे गठ्ठे जोखमीचे, ते आधी औषधाच्या हौदात भिजवल्याशिवाय सोडायचे नाहीत, असा जुनाच नियम नव्याने भिंतीवर चिकटला. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या नर्सला घरी बसवलं आणि एक नवी, चटपटीत, कोणालाच न ओळखणारी नर्स आली.

आता बायका राहिल्या एकवीस आणि मास्तरीण एकटी पडली. तिघींची तपासणी करता आली असती, पण तिच्याजवळ यायला कोणी धजेना. तोंडावर कोणी बोललं नाही, पण गारूबाईच्या पाठीवर शेवटपर्यंत बरोबरची खूण कोण करत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"नियम म्हणजे नियम," मुकादम मान खाजवत म्हणाला, "पण मी बाप्या माणूस, तुमचे केस उचलून कसा बघू? पुढच्या महिन्यात नवीन बाई येतेय. तोवर मी आपली वहीत खूण करतो. तुम्ही घरी आरशात बघत जा."

"आरशात मान दिसते का?" मास्तरणीने विचारलं.

"मग सासूबाईंना दाखवा."

"त्यांना दिसत नाही, मुकादम."

त्याने वहीत खूण केली.

त्याच संध्याकाळी अ‍ॅप्रन काढून हुकावर अडकवताना तिला पाठीवर निळं काहीतरी दिसलं. बरोबरची खूण. लांब शेपूट डावीकडे.

आधीची राहिली असेल, असं तिला वाटलं. मग आठवलं की अ‍ॅप्रन शनिवारीच धुऊन आला होता. कोणीतरी टवाळी केली असेल, असं तिने ठरवलं, आणि तिला इतका राग आला की घरी जाईपर्यंत ती रस्त्यात कोणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती भिंतीकडे पाठ करून उभी राहिली आणि सुट्टी होईपर्यंत जागची हलली नाही. अ‍ॅप्रन काढला, तर खूण होतीच. तिसऱ्या दिवशी तिने खिशातला खडू कागदात गुंडाळला, वर दोऱ्याचे सात वेढे घातले आणि गाठ मारली. सुट्टीच्या वेळी गाठ जशीच्या तशी होती. आत खडू मात्र नखभर झिजला होता.

मास्तरीण भुताखेतांची थट्टा करणाऱ्यांपैकी होती. चोराच्या मनात चांदणं, असं तिने स्वतःला बजावलं. मन खातंय म्हणून डोळ्यांना भलतंच दिसतंय, झोप नीट झाली की जाईल. पण झोपेने मानेचं काय होणार होतं? दुपारी साडेतीनच्या सुमाराला, टेबलावर वाकून ती लोकर फाडत असताना, मानेवरचे केस कोणीतरी हलकेच उचलायचं. ओल्या फडक्यासारखं गार काहीतरी एका कानामागून दुसऱ्या कानामागे जायचं, सावकाश, काही न चुकवता. मागे वळून बघावं तर उंच खिडक्या, उडणारी धूळ आणि आपापल्या टेबलांवर वाकलेल्या बायका. घरून ती रुमालाला दोन गाठी मारून यायची. संध्याकाळी एकच गाठ असायची, डाव्या कानावर.

गारूबाई तशी बांधायची.

मन खात होतं, ते उगाच नाही. खरी गोष्ट मास्तरणीने कोणालाच सांगितली नव्हती. तिच्या सासूबाईंची मान आखडलेली होती आणि कुठलीही उशी त्यांना टोचायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात या दोघीच उरल्या होत्या आणि दिवसरात्र भांडून एकमेकींना धरून होत्या. गारूबाई सुट्टीच्या दिवशी गप्पा मारायला यायची, सासूबाईंची मान आपल्या गार हातांनी चोळून द्यायची आणि त्यांच्या शिव्या ऐकून खिदळायची. एकदा ती म्हणाली, "आजी, तुम्हाला मी अशी उशी देते, की मेल्यावरसुद्धा मान वर करून बसाल."

खात्यातून लोकरीचं एक तूसही बाहेर न्यायची बंदी होती. दारावरचा पहारेकरी खिसे बघायचा, पिशव्या उलट्या करायचा, पण बाईच्या डोक्याच्या रुमालाला हात लावायची त्याची छाती नव्हती. गारूबाई रोज मूठभर मऊ लोकर अंबाड्याखाली दाबून, वर रुमाल बांधून न्यायची आणि कोपरा वळला की मास्तरणीच्या पिशवीत टाकायची. असं आठ दिवस चाललं. तपासणीच्या वेळी सगळ्यांसमोर रुमाल उचलला असता तर लोकर पडली असती. म्हणून मास्तरीण नुसता हात वर नेल्यासारखं करायची, बघितल्यासारखं करायची आणि बरोबरची खूण ओढायची. खुणेबरोबर गारूबाई हळूच डोळा मारायची.

आठ दिवस तिने गारूबाईची मान बघितली नव्हती. तिच्यासमोर, वीतभर अंतरावर, ती पुळी पिकत होती.

लोकर फेकून द्यायला तिचा हात झाला नाही. मेलेल्या मैत्रिणीची तेवढीच वस्तू घरात होती. गारूबाईने ती पांढऱ्या दोरीच्याच गठ्ठ्यातून घेतली असणार, लाल दोरीच्या नाही, असं तिने मनाशी धरलं. हे "कशावरून?" असं मात्र, आयुष्यात पहिल्यांदाच, तिने विचारलं नाही. लोकर साबणाने दोनदा धुतली, उन्हात खडखडीत वाळवली आणि छोटी उशी शिवून सासूबाईंच्या मानेखाली दिली. गारूबाई गेली, हे त्यांना सांगितलं नाही. कशाने गेली विचारलं असतं, तर काय सांगणार होती?

"तुझ्या हातची वाटत नाही," उशी चाचपून सासूबाई म्हणाल्या होत्या. "मऊ आहे."

बुधवारी अर्ध्या पाळीची सुट्टी होती. आदल्या दिवशी पाठीवर खूण आली नव्हती, मानेला गारवाही लागला नव्हता. सुटलो, असं वाटून मास्तरणीने येताना सासूबाईंसाठी मऊ पाव घेतला. तिच्या मनाला कित्येक दिवसांनी जरा बरं वाटत होतं.

दाराला नुसती कडी होती. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत, अंगावर करडी शाल, मानेखाली उशी.

"आलीस? अगं, तुझी गारूबाई आत्ताच गेली. जिन्यात भेटली नाही का?"

मास्तरीण दारातच उभी राहिली. पावाची पिशवी हातात तशीच होती.

"कोण?"

"कोण काय कोण? आता मी आंधळी आहे, खुळी नाही. ते गार हात मला कळत नाहीत होय? कालही आली होती. तुला सांगायचं राहिलं."

"काय म्हणाली?"

"एरवी तोंडाला खीळ नसते, आणि आज फार बोललीच नाही. मागे उभी राहिली, केस बाजूला केले, मान बघितली. किती वेळ बघत होती! मी म्हटलं, बाई, मानच आहे, पोथी नाही. मग शालीवर बोटाने काहीतरी ओढलंन आणि गेली."

"आई, जरा पुढे वाका."

"का गं?"

"वाका म्हणते ना."

करड्या शालीवर, पाठीच्या मधोमध, निळी फुली होती.

मास्तरणीने उशी काढून लांब ठेवली. पांढरा विरळ अंबाडा वर उचलला.

केसांच्या कडेला एक फोड होता. भोवती बारीक पाणफोडांचं कडं. मध्ये वाटाण्याएवढा काळा डाग.

"दुखतंय का, आई?"

"छे. काहीसुद्धा दुखत नाही."

मास्तरीण रडत बसली नाही. हात साबणाने धुतले, उशी दोन पिशव्यांत घालून तोंड बांधलं, सासूबाईंना शालीसकट उचलून खाली आणलं आणि मोठ्या दवाखान्याची गाडी गाठली. वाटेत तिने ठरवलं की सगळं सांगायचं. नोकरी गेली तर गेली.

डॉक्टर तरुण होती आणि तिने मध्ये न बोलता ऐकून घेतलं. पुळीतलं पाणी तपासायला पाठवलं, पण उत्तराची वाट न बघता सुई लावली.

"दोनदा धुतली होती हो मी," मास्तरीण म्हणाली. "उन्हात वाळवली होती."

"साबणाने ते बीज मरत नाही. उन्हाने नाही. मातीत पडलं तर वर्षानुवर्षं तसंच राहतं, कोणी सापडायची वाट बघत." डॉक्टरने बांधलेली पिशवी हातमोजे घालून उचलली. "ही जाळावी लागेल. पण तुम्ही लवकर आणलंत. आणखी दोन दिवस गेले असते तर सूज गळ्यापर्यंत आली असती. बघितलं कोणी? आजींना दिसत नाही, दुखत नव्हतं, तुम्ही कामावर होतात."

मास्तरणीने शालीची घडी घातली, निळी फुली आत. डॉक्टरने कागदावर पुढचं लिहायला घेतलं.

मान सुजली, दोन दिवस ताप चढला, आणि त्या दोन दिवसांत मास्तरणीने खुर्ची सोडली नाही. ही गेली तर आपल्याला शिव्या घालायलाही कोणी उरणार नाही, एवढंच तिच्या मनात फिरत होतं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी दवाखान्याच्या चहाला नावं ठेवली, तेव्हा तिला पहिल्यांदा रडू फुटलं. मग तिने सगळं सांगितलं. उशी, रुमालाखालची लोकर, न बघता ओढलेल्या खुणा, तो रविवार.

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे ती... बुधवारच्या आधीच?"

"तीन आठवडे आधी, आई."

त्यांनी मानेवरच्या पट्टीला हात लावला आणि काढून घेतला.

"मग सांगूनच टाकते. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते. मान बघायच्या आधी तिने विचारलं होतं, 'आजी, मास्तरणीने बघितली का हो?' मी म्हटलं, तिला कुठला वेळ. तर म्हणाली, 'माझीसुद्धा नाही बघितली.'"

"रागावली होती?"

"नाही गं. रागावलेली नव्हती. वाट बघत असल्यासारखी वाटली."

गिरणीतून मास्तरणीला काढलं, यात काही नवल नव्हतं. "वरून आलंय, मी काय करू," मुकादम म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. सामान न्यायला ती दुपारी गेली. खात्यात जेवणाची सुट्टी होती आणि टेबलं रिकामी होती. तिने कपाटातला डबा, चपला, कंगवा खोक्यात भरला. तिच्या हुकाशेजारी चौदा नंबरच्या हुकावर गारूबाईचा अ‍ॅप्रन टांगलेला होता. नंबर अजून कोणी खोडला नव्हता, म्हणून धुणारी दर शनिवारी तो धुऊन आणून अडकवायची. पाठ खोलीकडे, कॉलर वर. पाठीवर काहीच नव्हतं.

साडेतीन वाजायला बराच अवकाश होता. तरी मानेला गारवा लागला. या वेळी मागून नाही, समोरून.

मास्तरणीने खोकं खाली ठेवलं.

अ‍ॅप्रनच्या मागे ती अठरा वर्षं उभी राहायची तशी उभी राहिली. कॉलरच्या वर भिंत होती, भिंतीवर पोपडे निघालेला हिरवा रंग. हे वेडेपण आहे, हे तिला स्वच्छ कळत होतं. तिने हात वर नेला. नेल्यासारखं केलं नाही, नेला.

बोटांना रुमालाची गाठ लागली.

तिने ती सोडली. ओलसर, गार केस बाजूला केले. डोळ्यांना अजूनही भिंतच दिसत होती. तिने बोटं केसांखालून सावकाश फिरवली, एका कानामागून मध्यापर्यंत, काही न चुकवता. मध्यावर एक कडक, गोल, खोलगट खपली होती.

"दुखतंय का गं?" तिने विचारलं.



खिशात खडूचा नखाएवढा तुकडा उरला होता. तिने अ‍ॅप्रनवर पाठीच्या मधोमध फुली ओढली, मोठी, ठसठशीत. मग ती बाकड्यावर बसली आणि तोंडाला रुमाल लावून रडली. डोळे पुसून बघते तो चौदा नंबरचा हुक मोकळा होता.

खोकं काखेत धरून ती बोळातून निघाली. बोळात कोणी नव्हतं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर एक अ‍ॅप्रन होता. घडी घातलेला नव्हता, टाकलेलाही नव्हता. पाठ भिंतीला टेकून तो बाकाच्या कडेशी नीट बसलेला होता.

दार उघडून नवी नर्स बाहेर आली. मास्तरणीकडे तिने बघितलं नाही. तिने बाकाकडे बघितलं, अ‍ॅप्रनकडे नाही, त्याच्या थोडं वर, बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तिथे.

"या आत," ती म्हणाली. "उशीर केलात हो, बाई."